परदेशी जोडीदाराशी महाराष्ट्रात लग्न: कोणता कायदा, कोणते कागद, कोणत्या तारखा

हॉल बुक करण्याआधी दोन तारखा पक्क्या करा. परदेशी जोडीदाराच्या देशातून अविवाहित असल्याचा कागद हातात कधी येणार, ही पहिली. विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाच्या इराद्याची नोटीस कधी देता येणार, ही दुसरी. मुहूर्त, विमानाची तिकिटं, पत्रिका हे सगळं या दोन तारखांनंतर ठरवायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आधी तारीख ठरते, तिकडचे पाहुणे तिकिटं काढतात आणि मग कळतं की नोटिशीनंतरचे ३० दिवस कुणाच्या ओळखीने कमी होत नाहीत.

इथे धरलेलं उदाहरण सगळ्यात जास्त घडणारं आहे: एक जण भारतीय नागरिक, महाराष्ट्रात राहणारा, दुसरा परदेशी नागरिक, लग्नासाठी इथे येणारा. गोव्याची पद्धत वेगळी आहे, तिचा भाग शेवटाकडे आहे.

आधी कायदा ठरवा

अशा जोडप्यासाठी सरळ रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ चा. तो कोणत्याही दोन व्यक्तींच्या लग्नाबद्दल बोलतो, धर्म विचारत नाही आणि दोघं भारतीयच हवेत असंही म्हणत नाही. अटी कलम ४ मध्ये आहेत. दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, म्हणजे आधीचं लग्न कायद्याने संपलेलं असावं. दोघंही संमती देण्याच्या मानसिक स्थितीत असावेत. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षं पूर्ण हवीत. दोघं निषिद्ध नात्यातले नसावेत. वयाची अट इथलीच लागते. तिकडे अठराव्या वर्षी लग्न चालतं म्हणून १९ वर्षांच्या परदेशी मुलाचं लग्न इथे लागणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. घरचे म्हणतात, देवळात लग्न लावू आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवून टाकू. तो कायदा दोघंही हिंदू (त्यात बौद्ध, जैन, शीख आले) असतील तरच लागतो. हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तीचं या कायद्याखाली लावलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अवैध ठरवलं आहे. दोघं हिंदू असले, तरी विधी न करता नुसता दाखला काढला तर तेही लग्न नव्हे, हे २०२४ च्या निकालात स्पष्ट झालं. म्हणून कुणी एजंट ‘परवा दाखला देतो’ म्हणाला तर तिथून उठा. असा दाखला व्हिसाच्या मुलाखतीत, ओसीआयच्या (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डाच्या) छाननीत किंवा वारसाच्या भांडणात उघडा पडतो, आणि तोवर वर्षं गेलेली असतात.

मॉरिशसमधल्या मराठी घरातली मुलगी आणि पुण्याचा मुलगा, दोघंही हिंदू, लग्न विधिवत झालेलं, अशा वेळी हिंदू विवाह कायद्याचा रस्ता असू शकतो. तरी परदेशी पासपोर्ट दिसला की स्थानिक निबंधक थबकतो आणि प्रश्न वाढतात. आमचा सल्ला तिथेही विशेष विवाह कायद्याचाच. सप्तपदी, अंतरपाट, जेवणावळी हे सगळं हौसेने करा, पण कायद्याचं लग्न वेगळं आणि शक्यतो आधी उरकून घ्या.

दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असेल तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमध्ये लग्न होऊ शकतं. परदेशी नोंदणीसाठी तो दाखलाही चालतो, मात्र चर्चचे स्वतःचे नियम आणि कागद त्यात वाढतात. समलिंगी जोडप्यांसाठी भारतात आज कोणताही कायदा उपलब्ध नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विशेष विवाह कायद्याचा तसा अर्थ लावायला नकार दिला.

लग्न परदेशात आधीच नोंदवलेलं असेल तर इथे पुन्हा लावू नका. तिथल्या कायद्याने झालेल्या लग्नाचा अपोस्टिल केलेला (म्हणजे दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून तिथल्या सरकारने शिक्का मारलेला) दाखला पुरतो. दुसऱ्यांदा नोंद केली की एकाच जोडप्याच्या नावावर लग्नाच्या दोन तारखा पडतात, आणि पुढे प्रत्येक व्हिसा अधिकारी त्याचाच खुलासा मागतो. सोहळा मात्र कितीही वेळा करा.

तारखांचं गणित

नोटीस देण्यासाठी दोघांपैकी किमान एक जण त्या जिल्ह्यात लगतचे ३० दिवस राहिलेला असला पाहिजे. एकच पुरतो. भारतीय जोडीदार तिथला रहिवासी असेल तर कायदा परदेशी व्यक्तीकडून वेगळे ३० दिवस मागत नाही. काही कार्यालयं तरीही परदेशी व्यक्तीचा इथला पत्ता, व्हिसा आणि भारतात प्रवेश केल्याचा शिक्का मागतात, म्हणून ते कागद तयार ठेवा.

इथे मोजतात तो जिल्हा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. अंधेरीत राहणाऱ्याला फोर्टचं कार्यालय सोयीचं वाटलं तरी तिथे नोटीस देता येत नाही. आधारवर सांगलीचा पत्ता आणि राहणं पुण्यात, असं असेल तर पुण्याचा नोंदणीकृत भाडेकरार लागेल, आणि तो ३० दिवसांपेक्षा जुना हवा. नोटिशीच्या आदल्या आठवड्यात केलेला करार परत येतो.

नोटीस कार्यालयात दर्शनी भागी लावली जाते. लावल्याच्या दिवसापासून ३० दिवस हरकतींसाठी असतात. हे दिवस नोटीस दिल्याच्या तारखेपासून मोजायचे नसतात. कागद अपुरे म्हणून नोटीस चार दिवस टेबलावर पडून राहिली तर तुमचे चार दिवस गेले. म्हणून ‘फलकावर कोणत्या तारखेला लागली?’ हे विचारून लिहून घ्या. लग्न मात्र नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लागलं पाहिजे. ती मुदत चुकली की नोटीस रद्द, आणि सगळं पहिल्यापासून.

समजा १ नोव्हेंबरला नोटीस दिली आणि त्याच दिवशी फलकावर लागली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारी संपेपर्यंत लग्न लावता येईल. हॉलची तारीख या दोन महिन्यांत, तीही मधोमध धरा. कुणी हरकत घेतली तर विवाह अधिकाऱ्याला निर्णयासाठी आणखी ३० दिवस मिळतात, आणि मधोमध तारीख धरलेली असेल तर तेवढी जागा उरते.

हरकतीची भीती मनात ठेवू नका. ती फक्त कलम ४ च्या अटी मोडत असतील तरच चालते: वय पूर्ण नाही, आधीचं लग्न कायम आहे, निषिद्ध नातं आहे. ‘आम्हाला हे स्थळ मान्य नाही’ ही हरकत नव्हे. अधिकाऱ्याने चुकून ती उचलून धरली तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. घरून विरोध असेल तर मात्र नोटीस कुठे लागते आणि कुणाला कळवली जाते हे आधीच समजून घ्या, कारण कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असल्यास तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत जाते.

आता परदेशी जोडीदाराचा व्हिसा. लग्नासाठी म्हणून वेगळा व्हिसा नाही. पर्यटक व्हिसावर येऊन लग्न करणं बेकायदा नाही. अडचण दिवसांची होते. ३० दिवसांचा ई-टूरिस्ट व्हिसा वाढवून मिळत नाही, आणि नोटिशीचेच ३० दिवस असल्याने त्यात लग्न बसत नाही. एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा पर्यटक व्हिसा घ्या आणि एका भेटीत सलग किती दिवस राहता येतं ते त्यावर वाचा. नोटिशीला एकदा येऊन सही करायची, परत जायचं आणि लग्नाला पुन्हा यायचं, असंही करता येतं. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असला म्हणजे झालं.

महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोटीस ऑनलाइन भरायची सोय आहे, पण ती आधारच्या पडताळणीवर चालते. नुकत्याच आलेल्या परदेशी व्यक्तीकडे आधार नसतं. त्यामुळे दोघांनी मिळून कार्यालयातच जायचं असं धरून चाला.

कागद

भारतीय जोडीदाराचं काम सोपं असतं: जन्मतारखेसाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट, राहण्याच्या पुराव्यासाठी आधार, वीजबिल किंवा भाडेकरार, फोटो, आणि वैवाहिक स्थितीचं प्रतिज्ञापत्र.

परदेशी जोडीदाराला पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, जन्मदाखला, तिकडच्या पत्त्याचा पुरावा आणि सध्या अविवाहित असल्याचा दाखला लागतो. खरा वेळ या शेवटच्या कागदाला जातो, आणि तो प्रत्येक देशात वेगळ्या नावाने, वेगळ्या दारातून मिळतो. ब्रिटिश नागरिक तिकडे राहत असेल तर तो स्थानिक नोंदणी कार्यालयात अर्ज करतो. तिथेही २८ दिवसांची नोटीस असते आणि मगच लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला मिळतो. जर्मनीत विवाह नोंदणी कार्यालय विवाहक्षमतेचा दाखला देतं. त्याची मुदत सहा महिने, म्हणजे फार लवकर काढला तर लग्नाआधीच शिळा होतो, आणि त्यासाठी भारतीय जोडीदाराचे कागदही तिकडे पाठवावे लागतात. फ्रेंच नागरिकाला फ्रान्सच्या वाणिज्य दूतावासाकडून असा दाखला मिळतो, त्याआधी दहा दिवस लग्नाची सूचना लावली जाते. अमेरिकी सरकार असा दाखलाच देत नाही. तिथला नागरिक अमेरिकी वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन अधिकाऱ्यासमोर शपथपत्रावर सही करतो, आणि एका सही-शिक्क्याचे ५० डॉलर पडतात. मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाची वेळ ऐनवेळी मिळत नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी ती घ्या.

विवाह अधिकाऱ्याला नेमका कोणता मजकूर चालतो हे आधी विचारा, आणि शक्य असेल तर नमुना दाखवूनच विचारा. काही ठिकाणी दूतावासाचं ना-हरकत पत्रच हवं म्हणतात. अमेरिकी दूतावास ते देत नसल्याचं त्यांच्याच संकेतस्थळावरचं पान छापून बरोबर न्या. तोंडी सांगण्यापेक्षा ते लवकर पटतं.

तिकडून येणारा प्रत्येक सरकारी कागद त्याच देशात अपोस्टिल करून आणा. भारतात आल्यावर परदेशी कागदावर अपोस्टिल होत नाही, आणि त्यासाठी परत जावं लागलेली जोडपी कमी नाहीत. कागद इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडा.

आधी घटस्फोट झालेला असेल तर अंतिम आदेश लागतो. इंग्लंडच्या न्यायालयाचा पहिला, सशर्त आदेश चालत नाही. भारतीय घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबरोबर अपील केलेलं नाही आणि अपिलाची मुदत संपली आहे, हे दाखवावं लागतं. एका परिस्थितीत विशेष जपा: भारतात हिंदू पद्धतीने लग्न झालं होतं आणि घटस्फोट अमेरिकेत किंवा इतर परदेशात घेतला. असा परदेशी हुकूमनामा भारतात आपोआप मान्य होत नाही. कारण हिंदू विवाह कायद्यात बसणारं आहे का आणि समोरच्या पक्षाने तिथल्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केला होता का, हे पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे सांगितलं आहे. इथे नोटीस देण्याआधी कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला हुकूमनामा दाखवा. नाहीतर दुसरं लग्न द्विविवाह ठरण्याचा धोका आहे. जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूदाखला आणि आधीच्या लग्नाचा दाखला, दोन्ही जोडा.

नावाचा रकाना

आपल्याकडचे फॉर्म नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने चालतात. परदेशी पासपोर्टवर मात्र दोन-तीन स्वतःची नावं आणि एक आडनाव असतं. लिहिणारा माणूस मधलं नाव वडिलांचं समजून त्या रकान्यात टाकतो, आणि दाखल्यावर नवरदेवाचे वडील म्हणून नवरदेवाचंच मधलं नाव येतं. नंतर व्हिसा कार्यालयात जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव आणि विवाह दाखल्यावरचं नाव जुळत नाही. दुरुस्तीला पुन्हा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि दोघांची हजेरी लागते, तीही परदेशी जोडीदार तिकडे परतल्यावर.

त्यामुळे नोटिशीच्या दिवशीच एका कागदावर रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक लिहून द्या. तारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण अमेरिकी कागदांवर महिना आधी येतो आणि ०५/०८ चा इथे वेगळाच अर्थ निघतो. दाखला छापण्याआधी मसुदा मागा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर-अक्षर तपासा. भारतीय जोडीदाराचंही तसंच: आधारवर ‘सुनिल’ आणि पासपोर्टवर ‘सुनील’ यांचं स्पेलिंग वेगळं असेल तर पासपोर्टचं धरा. लग्नानंतर आडनाव बदलणं सक्तीचं नाही. परदेशी कागद जुळवायचे असतील तर न बदललेलंच बरं.

लग्नाचा दिवस

तीन साक्षीदार हवेत, प्रत्यक्ष हजर, प्रत्येकाकडे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. चौथा माणूस तयार ठेवा. एक जण वाहतुकीत अडकला तर दुसरा सापडेपर्यंत कार्यालयाची वेळ संपते. विवाह अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघं आधी कायद्यातल्या नमुन्यातल्या घोषणेवर सही करतात. मग एकमेकांना उद्देशून, मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो किंवा करते, असं म्हणायचं असतं. दोघांना समजेल अशी कोणतीही भाषा चालते. घोषणेचा मजकूर मराठीत असेल आणि जोडीदाराला मराठी येत नसेल तर इंग्रजी प्रत मागून घ्या, न समजता सही करायला लावू नका. जोडीदाराला इंग्रजीही येत नसेल तर दुभाष्या बरोबर न्या.

अधिकारी वाजवी अंतरावरच्या हॉलवर येऊनही लग्न लावू शकतो. त्यासाठी आधी अर्ज आणि जादा शुल्क लागतं. सरकारी शुल्क एकंदरीत किरकोळ असतं. कुणी हजारोंचा आकडा सांगितला तर तो कार्यालयाचा नव्हे. पावती मागा.

देवळात किंवा नुसत्या सोहळ्यात लग्न आधीच लागलं असेल तर कलम १५ खाली ते नोंदवता येतं. अटी मात्र कडक आहेत. दोघंही २१ वर्षं पूर्ण हवेत, लग्नापासून एकत्र राहत असावेत आणि त्या जिल्ह्यात दोघंही ३० दिवस राहिलेले असावेत. शिवाय ३० दिवसांची नोटीस इथेही आहे, म्हणजे वेळ वाचत नाही.

लग्नानंतर काय बदलतं

भारतीय हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख व्यक्ती एकत्र कुटुंबाची सदस्य असेल आणि जोडीदार यांपैकी कोणत्याही धर्माचा नसेल, तर विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नाने ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असं कलम १९ मानतं. अशा लग्नानंतर वारसाही हिंदू वारसा कायद्याऐवजी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. वडिलोपार्जित शेती किंवा वाडा असलेल्या घरात याबद्दल आधी बोलून घ्या आणि लग्नानंतर लगेच मृत्युपत्र करा.

परदेशी जोडीदार इथेच राहणार असेल तर पर्यटक व्हिसाची मुदत संपण्याआधी ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर) तो एक्स-२ प्रवेश व्हिसात, म्हणजे भारतीयाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसात, बदलून घेण्याचा अर्ज करा. विवाह दाखला, भारतीय जोडीदाराचं हमीपत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो, आणि दोघं एकत्र राहतात याची चौकशी होते. पोलीस घरी येतील, शेजाऱ्यांनाही विचारतील, त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. मुदत एक दिवसाने जरी उलटली तरी दंड आणि देशाबाहेर जाण्याची परवानगी काढण्याचं काम मागे लागतं. घरी उतरलेल्या परदेशी व्यक्तीची सरकारकडे नोंद (सी-फॉर्म या नावाने ओळखली जाणारी) २४ तासांत करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. सासरच्या माणसांना हे माहीत नसतं आणि व्हिसाच्या अर्जाच्या वेळी नेमकी तीच नोंद मागितली जाते. एक्स-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही.

लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. जोडीदाराचे पालक किंवा आजी-आजोबा पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील तर ते मिळत नाही. लग्न मोडलं तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड रद्द होतं. भारतीय नागरिकत्वासाठी सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. बहुतेक जोडपी ओसीआयवरच थांबतात.

गोवा

गोव्यात लग्न हा पोर्तुगीज काळापासून दिवाणी करार आहे आणि तो धर्म कोणताही असला तरी नागरी निबंधकासमोर होतो. पहिल्या खेपेला दोघं लग्नाचा इरादा जाहीर करून सही करतात, मग सूचना लावली जाते, आणि मुदत संपल्यावर दुसरी सही होते. समुद्रकिनाऱ्यावरचा थाटाचा सोहळा म्हणजे यातलं काहीच नव्हे. पॅकेज विकणाऱ्याला ‘नागरी निबंधकाकडची नोंद कोण करणार?’ हे लेखी विचारा.

गोव्यात आणखी एक गोष्ट ठरवायची असते. वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. वेगळी ठेवायची असेल तर करार लग्नाआधीच नोटरीकडे करावा लागतो. लग्नानंतर तो बदलता येत नाही.

दाखला परदेशात नेताना

लग्नाच्या दिवशीच दाखल्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती घ्या. परदेशात वापरायच्या प्रतीवर आधी राज्य शासनाचं प्रमाणन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घ्यावं लागतं. मूळ दाखला लॅमिनेट करू नका, शिक्का मारायला जागा राहत नाही. भारत अपोस्टिल करारात २००५ पासून आहे. जर्मनीने मात्र भारताबाबत आक्षेप नोंदवलेला असल्याने तिकडे भारतीय अपोस्टिल चालत नाही. तिथलं कार्यालय आपल्या दूतावासामार्फत कागदाची पडताळणी करून घेतं, आणि त्याला काही महिने लागू शकतात. जपानी नागरिकाने लग्नाची खबर तीन महिन्यांच्या आत आपल्या सरकारला द्यायची असते. फ्रेंच नागरिकाला लग्न फ्रेंच नोंदवहीत उतरवून घ्यावं लागतं, त्याशिवाय जोडीदाराचा व्हिसा पुढे सरकत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये परदेशातल्या लग्नाची अशी वेगळी नोंद नसते, इथला दाखलाच तिकडे लावायचा.